अर्धा केस डावीकडे

दुर्बीण दोन तास आधी अंगणात काढून ठेवायची,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
एसीच्या खोलीतून सोहारच्या ऑगस्टमध्ये आणली
आणि आरशाला असा घाम फुटला
की शनी राहो, समोरची मशीदसुद्धा दिसेना.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळीच बाहेर ठेवली,
जुन्या चादरीखाली, नवरीसारखी.
आठ इंची आरसा, वापरलेला.
खलफानने स्वस्तात दिला, त्याला आता उंट पाळायचेत.
खोक्यात एक छोटा कॅमेरा, मूठभर वाळू,
आणि अरबीतली चिठ्ठी.
गल्लीतल्या पोराने ती वाचून दाखवली:
आरशावर फुंकर मारू नकोस.

ग्रह पडद्यावर आला की आलाच,
मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत गेलाही.
पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ होतं.
इतकी पळते, हे माहीत नव्हतं.
उजेड वाढवला तर फुगलेला साबुदाणा,
कमी केला तर जिरं.
वरच्या गच्चीवर शेजाऱ्यांचे चार एसी धापा टाकतात,
त्यांच्या वाफेतून शनी
खिरीतल्या शेवईसारखा हलतो.
म्हणून तिवई उचलली, लिंबाजवळच्या कोपऱ्यात नेली,
जिथून रिफायनरीची ज्योत भिंतीआड जाते.

सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्यात.
इथे शनीचं देऊळ नाही,
म्हणून वादीतून उचललेल्या काळ्या गोट्यावर
दर शनिवारी पळीभर तेल.
मी म्हटलं, आई, माझी तर नोकरीच तेलाची,
टाक्यांचे काटे जुळवता जुळवता
दर पाळीला हजारो पिंपं नजरेखालून जातात,
ती त्याच्याच नावाने सोडतो असं समजा.
हसल्या नाहीत.
"त्याच्या नजरेला नजर देऊ नये,"
एवढंच म्हणाल्या, दारातूनच.

पहाटे तीनला पाणी प्यायला उठल्या
आणि बघतात तर मी अजून स्क्रू पिळतोय.
रेवा रात्रपाळीला, हॉस्पिटलात.
थोडा वेळ उंबऱ्यावरच उभ्या होत्या.
मग म्हणाल्या, पडद्यावर बघितलं तर चालतं,
ग्रहण नाही का परातीतल्या पाण्यात बघत,
आणि प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसल्या.

"पुसट आहे."
हो.
"आता जास्त पुसट."
हो, आई.
"हात काढा बघू."

तीस वर्षं ब्लाउज शिवलेली बोटं.
चाकाला नुसती लावली,
फिरवलं म्हणावं एवढंही फिरवलं नाही.
अर्धा केस डावीकडे.
आणि तो थरथरता थरथरता
एकदम गोल झाला.

या वर्षी त्याचं कडं आपल्याला कडेवरून दिसतं,
नुसती एक रेघ.
मी ते समजावून सांगणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या,
"हा तर सुईत अडकलेला मणी."

नव्वद सेकंदांचं चित्रीकरण, चार हजार चित्रं.
त्यातली हवा थांबली होती तेव्हाची चारशे
संगणक निवडतो, एकावर एक रचतो.
"आणि बाकीची?"
टाकायची.
"मी चिंध्यासुद्धा टाकत नाही," त्या म्हणाल्या
आणि तोंड वळवून बसल्या, जणू मीच कापड वाया घालवलंय.

सहाच्या अजाननंतर,
नाही, अजान आधीच झाली होती, साडेचारला,
सहाला चित्र तयार झालं.
नखाएवढं, पिवळट.
कुठे बघायचं ते माहीत असेल तर
एक फिकट पट्टाही आहे.
त्यांनी फोन लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.
उलटा आहे म्हणाल्या.
मी म्हटलं, आरशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं.
"मग त्याने आपल्याला सुलटं पाहिलं की उलटं?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उजाडल्यावर अंघोळ करून त्या पळी घेऊन आल्या.
गोट्यावर तेल वाहिलं, हात जोडले.
पळीत थोडं उरलं होतं.
तिवईचा तिसरा पाय रात्रभर करकरत होता,
त्याच्या स्क्रूवर वाकून दोन थेंब सोडले,
आणि पदराने पुसता पुसता
सवयीने
आरशाकडे तोंड नेलं.

आई, फुंकर नको, मी ओरडलो.